राजीनामा लिहून देऊ नका

"ताई, नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता बेळगावात अनगोळला राहतो. वय 47. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत 22 वर्षं काम केलं. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला लागलो, पुढं क्वालिटीत आलो. गेल्या महिन्यात एका शनिवारी पहिली शिफ्ट सुटताना आम्हा सहा जणांना ऑफिसात बोलावलं. ऑर्डरी नाहीत, सोमवारपासून येऊ नका म्हणाले. पुढ्यात इंग्रजीत टाइप केलेला राजीनामा ठेवला. सही केली तर सगळा हिशोब आणि वर एक लाख, नाही केली तर पैसे कधी मिळतील सांगता येत नाही, असं बोलले. मी सही न करता घरी आलो. धाडस म्हणून नव्हे, हात चालेना म्हणून. तीन आठवडे झाले, रोज फोन येतोय. गल्लीत मी 'मीच सोडली, कंटाळा आला होता' असं सांगितलंय. बायकोला खरं माहीत आहे, ती गप्प झाली आहे आणि शेजारच्यांचे ब्लाउज शिवायला घेतलेत. गावाकडे आईला माहीत नाही. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला. सोसायटीचं घरकर्ज चालू आहे. मेव्हणा म्हणतो, येणाऱ्या पैशात लेथ टाकूया. पहाटे साडेपाचला आपोआप जाग येते आणि नको नको ते विचार येतात. गल्लीच्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे, तेही आता सोडावं म्हणतो. सही करू का? आणि या वयात मला कोण घेणार?"

भाऊ, सही करू नका.

बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. आज पुन्हा फोन आला तर एवढंच म्हणा, "मला काय द्यायचं ते लेखी द्या, वाचून बघतो." भांडू नका, आवाज चढवू नका आणि ऑफिसात एकटे जाऊ नका.

मी अशाच एका कारखान्याच्या पगार विभागात बरीच वर्षं काढली आहेत. असले कागद कसे तयार होतात ते मला माहीत आहे. कागद गुरुवारीच टाइप होऊन तयार असतो, दिला जातो शनिवारी. म्हणजे मधे रविवार येतो, सगळी ऑफिसं बंद, कुणाला विचारायची सोय नाही आणि माणूस घरात बसून घाबरतो. सोमवारी तो सही करायलाच येतो. तुम्ही आला नाहीत म्हणून रोज फोन येतोय. कायद्याने त्यांना तुमच्या सहीची गरज नसती, तर त्यांनी एवढी धडपड केली नसती.

पगाराची स्लिप पत्रासोबत जोडलीत ते बरं केलं. आकडे मांडूनच बघू. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे 26 दिवस धरतात, म्हणजे रोजचे 700. वर्षाला 15 दिवस या हिशेबाने 10,500, गुणिले 22 वर्षं, झाले 2,31,000. हे पैसे तुम्हाला राजीनामा दिला तरी मिळतात आणि कामावरून काढलं तरी मिळतात. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, हेही तसंच. पीएफ तर कंपनीच्या हातातच नाही. त्यामुळे "सही कर, मग सगळा हिशोब देतो" या वाक्यातला हिशोब आधीपासून तुमचाच आहे. तो ओलीस ठेवायचा अधिकार त्यांना नाही.

आता दुसरी बाजू. काम नाही म्हणून कामगार कमी केला तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. इतर भत्ते बाजूला ठेवून नुसत्या 18,200 वर धरलं तरी 9,100 गुणिले 22 म्हणजे 2,00,200, वर नोटिशीचे 18,200. एकूण 2,18,400. राजीनामा दिलात की ही रक्कम शून्य होते. एक लाखाचं गाजर कशासाठी ते आता दिसलं असेल. शिवाय नव्या संहितेत कमी केलेल्या कामगारासाठी आणखी 15 दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायची, अशी तरतूद आहे. तीही लेखी विचारा.

मालक वाईटच असतो असं मी म्हणत नाही. ऑर्डर खरंच तुटल्या असतील. भट्टी कमी चालली की टनेज काढणारी माणसं ठेवतात आणि तपासणारी आधी काढतात, हे मी पाहिलं आहे. माणसं कमी करायला कायद्याची बंदी नाही. तुमच्या कारखान्यात तीनशेच्या आतच माणसं असणार, त्यामुळे सरकारची आधी परवानगी घ्यायचाही प्रश्न नाही. पण कमी करण्याची एक किंमत ठरलेली आहे आणि ती त्यांना वाचवायची आहे. तुमच्या खिशातून वाचवू देऊ नका, एवढंच.

सही न करणं पुरेसं नाही मात्र. तुम्ही नुसते घरी बसलात तर उद्या ते म्हणतील, हा माणूस स्वतःच यायचा बंद झाला. म्हणून या आठवड्यात एक पत्र पाठवा: अमुक तारखेला मला तोंडी सांगून कामावरून थांबवलं, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे, आणि कमी करायचंच असेल तर कायद्याप्रमाणे नोटीस, भरपाई आणि हिशोब द्यावा. चार ओळी पुरतात. गेटवर घेतलं तर पोच घ्या, नाही घेतलं तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि झेरॉक्स जपून ठेवा. पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहा. आपल्याकडे कामगार खात्यात मराठी समजणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण फायलीत कागद कन्नड लागतो. इथं भाषेच्या अभिमानापायी महिनाभर घालवू नका. तुमची मुलगी पीयूसीला आहे म्हणता, ती तुमच्यापेक्षा चांगलं कन्नड लिहीत असेल. तिच्याकडून लिहून घ्या. तिलाही कळू दे की बाबा गप्प बसलेले नाहीत.

कामगार खात्यात अर्ज दिला की अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतो. पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात, कारण मालकालाही तारखा नको असतात. 45 दिवसांत काही झालं नाही तर पुढं स्वतः न्यायाधिकरणाकडे जाता येतं. नव्या संहितेत त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पूर्वी ती तीन होती. वकिलाच्या फीची भीती असेल तर हे लक्षात ठेवा: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगाराचं नाव स्वतंत्रपणे आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नेमणुकीचं पत्र, स्लिपा आणि पीएफचं पासबुक घेऊन जा आणि एकदा सगळे कागद वकिलाच्या नजरेखालून घाला.

ते एक मुद्दा काढतील, त्याला तयार राहा. तुमच्या स्लिपवर हुद्दा "क्वालिटी सुपरवायझर" असा आहे. 18,000 च्या वर पगार असलेला सुपरवायझर नव्या संहितेत कामगार धरला जात नाही, आणि तुम्ही 18,200 वर आहात. दोनशे रुपयांचा खेळ. पण हुद्द्याचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होता हे बघितलं जातं. तुम्ही दिवसभर व्हर्निअर आणि गेज घेऊन कास्टिंग तपासत होता की चार माणसांच्या रजा मंजूर करत होता? तुमच्या हातच्या तपासणी अहवालांचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर ते आजच वेगळे काढून ठेवा. शिफ्टच्या ग्रुपवर लोक असले फोटो टाकत असतात, ते पुसले जायच्या आत.

तुमच्याबरोबरच्या पाच जणांशी बोललात का? पत्रात त्यांचं काहीच नाही, ते मला खटकलं. सहाही जण चाळिशीच्या वरचे आणि नंतर लागलेली पोरं आत असतील, तर तेही विचारण्यासारखं आहे. साधारण नियम असा की त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, तसं केलं नाही तर कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं. आणखी एक. तुमचा एकूण पगार 24,000, त्यामुळे तुम्ही ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, बहुधा बाहेर असाल, तिथली मर्यादा 21,000 आहे. पण त्या पाचांपैकी कुणी आत असेल तर त्याला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दल सांगा. कमी केलेल्या विमाधारक कामगाराला तिथून पहिलं वर्ष सरासरी पगाराच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव भत्ता मिळू शकतो, दवाखानाही चालू राहतो. मात्र राजीनामा दिलेल्याला यातलं काही नाही. त्यांच्यातल्या कुणी सही करायच्या आत त्याच्यापर्यंत हे पोचवा.

पीएफबद्दल थोडक्यात. घाईने सगळं काढू नका. तुमची पेन्शनची दहा वर्षं केव्हाच भरली आहेत, त्यामुळे 58 व्या वर्षापासून पेन्शन लागू होते. पन्नाशीनंतरही घेता येते, पण अलीकडे घ्याल त्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कमी. पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण कंपनी काय भरते ते मात्र बघत राहा. आणि नाव जुळतंय का बघा. आपल्या भागात हा हमखास घोळ: शाळेच्या मराठी दाखल्यावरून कंपनीत एक स्पेलिंग, कन्नडवरून आलेल्या आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. पैसे लागतील तेव्हा दुरुस्तीला धावण्यापेक्षा आत्ता करून ठेवा, आत्ता वेळ आहे.

आता गल्लीचं बोलू. कंपनी तुमच्याकडून लिहून मागतेय की मी आपणहून सोडली. तुम्ही ते लिहून दिलं नाहीत, पण गल्लीत तेच सांगत फिरताय, तेही फुकट! उद्या कामगार अधिकाऱ्यासमोर कंपनीने विचारलं, "तुम्हीच सगळ्यांना सांगितलंय ना, मी सोडली म्हणून?" तर काय बोलणार? हे झालं कायद्याचं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. कंटाळा आला म्हणून नोकरी सोडलेल्या माणसाला कुणी काम सुचवत नाही. त्याच्याकडे पैसा असेल, त्याचं काहीतरी ठरलं असेल, असं लोक समजतात. कोपऱ्यावर कुणी "काय, आज सुट्टी काय?" विचारलं तर सरळ सांगा, "कामावरनं कमी केलं की. क्वालिटीचं कुठं असलं तर बघ." दोन दिवस लोक बोलतील. मग त्यातलाच कुणीतरी सांगेल की त्याच्या भावाच्या वर्कशॉपमध्ये माणूस हवाय. उद्यमबागेत, मच्छेत, होनग्याला नोकऱ्या जाहिरातीपेक्षा चहाच्या टपरीवर जास्त लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लाज का वाटते ते समजतं. 22 वर्षं माणूस कंपनीच्या नावाने ओळखला गेला, लग्नपत्रिकेच्या यादीतही नावापुढे कंपनी लिहिली जाते. पण तुम्ही चोरी केली नाही, दारू पिऊन मशीन बिघडवलं नाही. ऑर्डर आणायचं काम तुमचं नव्हतंच.

आईला या रविवारी गावी जाऊन स्वतः सांगा. फोनवर नको. मेव्हण्याला माहीत आहे म्हणजे ते गावात पोचायला वेळ लागणार नाही, आणि दुसऱ्याकडून कळलं तर ती जास्त खचेल. भातलावणीचे दिवस आहेत, चार दिवस राहून भावाला हात द्या. मात्र "गावाकडेच येतो परत" असं चिखलात उभं राहून ठरवू नका. तो निर्णय निदान दिवाळीनंतर.

बायकोविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ती गप्प झाली आहे आणि शेजारच्यांचे ब्लाउज शिवायला घेतले आहेत. मला ती गप्प वाटत नाही, कामाला लागलेली वाटते. तिच्याबरोबर बसून वहीत खर्च मांडा. सोसायटीचा हप्ता चुकायच्या आधी मॅनेजरला भेटा. हप्ता चुकल्यावर गेलात तर तुम्ही थकबाकीदार, आधी गेलात तर सभासद. मुलाच्या कॉलेजात फी हप्त्याने देता येते का विचारा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार घरात येत असतील तर ते तिच्या हातात राहू द्या. आणि एक सांगू? दिवसभर घरी असाल तर स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून बघू नका. नोकरी गेलेल्या नवऱ्यांबद्दल बायका माझ्याकडे जी तक्रार करतात, ती पैशाबद्दल कमी आणि याबद्दल जास्त असते. सकाळी आंघोळ करून, जेवणाचा डबा घेऊन काम शोधायला बाहेर पडा, दुपारी या.

पहाटेचे विचार मी हलक्यात घेत नाही. "नको नको ते" यात जीव नकोसा होणं असेल तर आजच बायकोला त्या शब्दांत सांगा आणि 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. पाठदुखीला डॉक्टरकडे जाता तसंच हे. आणि संध्याकाळी "चल, बसूया" म्हणणाऱ्या मित्रांना हे दोन-तीन महिने टाळा. झोप त्यानेच सर्वांत आधी बिघडते.

या वयात कोण घेणार? पोरांच्या रांगेत उभं राहिलात तर कुणी नाही. तुम्ही त्या रांगेत जाऊच नका. तुमच्या फाउंड्रीचं कास्टिंग जिथं मशीनिंगला जात होतं, ती शॉपं आठवा. ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लुजन असल्या कास्टिंगमधल्या दोषांवरून ज्यांच्याशी तुम्ही फोनवर तासन्‌तास भांडलात, ती माणसं तुम्हाला ओळखतात. येणारा माल दारातच तपासून परत पाठवणारा माणूस लहान शॉपवाल्याला हवा असतो, कारण खराब कास्टिंगवर मशीनिंग केलं की मजुरीही जाते आणि टूलही. त्यांच्याकडे बायोडाटा घेऊन नका जाऊ, गेज घेऊन जा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून तीन दिवस येतो म्हणा. अशी दोन शॉपं धरली तरी हप्ता सुटतो. उद्यमबागेत सरकारी टूल रूम आहे, जीटीटीसी, तिथं मापनाचा, सीएमएमचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मापन यंत्राचा, एखादा छोटा कोर्स मिळतो का चौकशी करा. हाताने मापणाऱ्याला संगणकावरचं मापन आलं की त्याचं वय कुणी विचारत नाही. बेळगावात नाहीच जमलं तर कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आहे. पगार बरा असेल, पण खोलीभाडं आणि दर आठवड्याची ये-जा वजा करून बघा. घरकर्ज इथं आणि भाडं तिथं हे गणित सहसा जमत नाही.

मेव्हण्याच्या लेथचं काय? माझं मत विचारलंत तर आत्ता नाही. तुम्हाला लेथ चालवता येत नाही, त्याला येते. म्हणजे पैसा तुमचा, हुनर त्याचा, आणि कंपनीत ऑर्डरी नाहीत म्हणून तुम्ही घरी बसलेले असताना त्याच बाजारात जॉबवर्क मिळवायचं. त्याला म्हणा, आधी दुसऱ्याच्या मशीनवर सहा महिने तुझ्या नावाने ऑर्डर आणून दाखव, तपासून मी देतो. तोवर ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत राहतील. रागावेल तो. रागावू दे, दसऱ्याला सोनं द्यायला येईलच.

आणि खजिनदारपद सोडायचं कारण काय? हिशेबात घोळ असता तर म्हटलं असतं सोडा. 22 वर्षं दुसऱ्याचा माल तपासलेल्या माणसाकडे लोकांनी वर्गणीची पेटी दिली आहे. स्वतःची वर्गणी यंदा कमी लिहा, त्यात काही बिघडत नाही. पावतीपुस्तक घेऊन तुम्हाला उद्यमबागेतल्या शेडा फिरायच्याच आहेत. पावती फाडून झाली की मालकाला क्वालिटीच्या कामाचं विचारा.